दुसरी लेन्स घेण्याआधी खोली मोजा

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची झूम (किट लेन्स) वापरून सहा महिने-वर्ष झालं की दुसऱ्या लेन्सचे वेध लागतात. मग ज्याला विचाराल तो एकच सांगतो, ‘पन्नास एफ/१.८ घेऊन टाक, स्वस्त आणि मस्त.’ म्हणजे ५० एमएमची, झूम न होणारी ‘प्राइम’ लेन्स; एफ/१.८ हे तिचं सगळ्यात मोठं उघडणारं छिद्र. स्वस्त आहे यात वाद नाही. मस्तही आहे. तरी ती बॅगेच्या तळाशी पडून राहिलेली पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि त्यात बहुतेक वेळा लेन्सचा दोष नसतो. खोलीचा असतो.

हिशोब सोपा आहे. सेन्सरची लांब बाजू भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा), गुणिले अंतर. येणारं उत्तर म्हणजे त्या अंतरावर फ्रेमच्या लांब बाजूत किती मावेल ते. कॅननच्या क्रॉप बॉडीचा, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचा (१५००डी, २००डी, आर५० वगैरे) सेन्सर २२.३ एमएम लांब, निकॉन-सोनी-फुजीचा साधारण २३.५, फुल फ्रेमचा ३६. आता साडेपाच फुटी माणूस उभा आहे आणि कॅमेरा तुम्ही उभा धरलाय. डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून १.९ मीटर मावायला हवं. कॅननच्या क्रॉप बॉडीवर पन्नासला लागणारं अंतर १.९ × ५० ÷ २२.३, म्हणजे सव्वाचार मीटर. चौदा फूट! शिवाय हे अंतर फक्त कॅमेऱ्यापासून माणसापर्यंतचं. तुम्ही उभं राहायला दीड-दोन फूट वेगळे, माणूस भिंतीला चिकटलेला दिसू नये म्हणून मागे दोन-तीन फूट आणखी. अठरा-एकोणीस फुटांची बेरीज होते. मुंबईतल्या वन बीएचकेचा दहा बाय पंधराचा हॉल इथेच बाद झाला.

बारशाचं उदाहरण घ्या. पाळणा मध्ये आणि भोवती पाच बायका, म्हणजे रुंदीला अडीच मीटर तरी धरा. पन्नासने हा फोटो घ्यायचा तर साडेपाच मीटर मागे जायला हवं, म्हणजे जिन्यात. २४ एमएमने पावणेतीन मीटरवर काम होतं, १८ ने दोन मीटरवर. त्या दिवशी किट लेन्सच तुम्हाला तारते.

पन्नासचा सल्ला मुळात फिल्मच्या काळातला. ३५ एमएम फिल्मवर पन्नास ही ‘नॉर्मल’ लेन्स होती, फार रुंद नाही, फार लांबची नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक सगळं काम लायका कॅमेऱ्यावर पन्नास लावून केलं. पण क्रॉप सेन्सरवर तीच लेन्स कॅननला ८० आणि निकॉन-सोनीला ७५ सारखी वागते. ही पोर्ट्रेटची लेन्स झाली, रोजची नाही. फिल्मवरच्या पन्नाससारखं दिसायला हवं असेल तर क्रॉप बॉडीवर ३० ते ३५ लागते. निकॉनने २००९ साली डीएक्स (निकॉनच्या क्रॉप बॉडीची) ३५ एमएम एफ/१.८जी काढली ती नेमकी यासाठी. ३५ गुणिले १.५ म्हणजे ५२.५. वर सांगितलेला साडेपाच फुटी माणूस तिच्यात २.८ मीटरवर मावतो.

‘झूम कशाला, पायांनी पुढे-मागे व्हा’ हेही एक लाडकं वाक्य आहे. ते अर्धंच खरं. पाय हलवले की फ्रेम बदलते, पण सोबत मागच्या आणि पुढच्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाणही बदलतं. राजगडावर सुवेळा माचीवर कुणाला तरी उभं करा, मागे बालेकिल्ला घ्या. २४ एमएम लावून दोन मीटरवरून फोटो काढा. मग १०० एमएम लावून माणसापासून आठ मीटरवर जा. माणूस दोन्ही फोटोंत तेवढाच राहील, बालेकिल्ला मात्र दुसऱ्यात चौपट मोठा दिसेल. म्हणजे पाय प्रमाण ठरवतात आणि फोकल लेंथ चौकट. प्राइमवर चौकट ठरलेली असते, त्यामुळे पायांनी एकच गोष्ट ठरवता येते. झूमवर दोन्ही हातात असतात. झूमवाले लोक बरेचदा जागचे न हलता नुसती रिंग फिरवतात, हा झूमचा दोष नव्हे.

उजेडाचं गणित

आता प्राइमची खरी ताकद. पूर्ण झूम केलेल्या किट लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र; आकडा लहान तेवढा उजेड जास्त) ५५ ला एफ/५.६ असतं. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडींबरोबर येणाऱ्या काही किट लेन्स त्याहून काळोख्या. कॅननची आरएफ-एस १८-४५ तर ४५ ला एफ/६.३. एफ/५.६ आणि एफ/१.८ मधला फरक ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) तीन आणि एक तृतीयांश. ट्यूबलाइटच्या खोलीत १/१०० सेकंद शटरला किट लेन्स आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० मागत असेल, तर एफ/१.८ ला ६४० पुरतो. ६४०० चा फोटो मोबाइलवर चालून जातो, पण त्याची बारा बाय अठरा प्रिंट काढली की केसांच्या जागी काळा डाग आणि गालावर रवा दिसतो. ६४० वर हा प्रश्नच येत नाही.

रिंग ५५ वर नसेल तर फरक कमी होतो. किट लेन्स ३५ च्या आसपास एफ/४.५ असते, तिथे ३५ एफ/१.८ शी तुलना केली तर सहापट. १८ ला एफ/३.५. म्हणून रात्री घरात किट लेन्सच वापरायची असेल तर झूम करू नका. १८-२४ वर ठेवा आणि जवळ जा. मॅन्युअल मोडवर असाल तर आणखी एक गोची लक्षात असू द्या. १८ ला एफ/३.५ वर एक्स्पोजर जुळवलं आणि ५५ ला गेलात की ॲपर्चर आपोआप ५.६ होतं, आणि शटर व आयएसओ तसेच राहिल्यामुळे फोटो सव्वा-दीड स्टॉप काळा पडतो. नवशिक्यांना कॅमेरा बिघडला असं वाटतं. मॅन्युअलमध्ये झूम फिरवणार असाल तर सुरुवातीलाच एफ/५.६ ठेवा, ते टोकापासून टोकापर्यंत टिकतं.

पण ही दहापट हलणाऱ्या गोष्टींसाठी. स्थिर गोष्टींसाठी हिशोब उलटतो. स्वस्त प्राइममध्ये बहुधा स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नसतं. किट लेन्समध्ये बहुतेक वेळा असतं. पन्नासला क्रॉप बॉडीवर हात न हलता फोटो यायचा तर १/८० च्या खाली जाऊ नये. स्टॅबिलायझेशन असलेल्या १८-५५ वर, श्वास सोडून, कोपर अंगाला टेकवून १/१० ला नीट फोटो येतात. आणि १/१०० वरून १/१० ला गेलं की तेही दहापट. म्हणजे एफ/१.८ ने मिळालेला सगळा फायदा स्टॅबिलायझेशनने परत केला.

अजिंठ्याच्या लेण्यांत हे पडताळून पाहता येतं. चित्रांसमोर फ्लॅशला बंदी, तिपाई लावायची तर परवानगी हवी, उजेड मंद. चित्र मात्र दीड-दोन हजार वर्षांत हललेलं नाही. इथे स्टॅबिलायझेशनवाली साधी झूम, १/१०, एफ/५.६, तीन-चार फोटो सलग, त्यातला सगळ्यात शार्प ठेवायचा. भिंतीवरचं सपाट चित्र एफ/१.८ ने काढलं तर कडा मऊ पडतात ते वेगळंच. तेच रांगणारं मूल असेल तर १/१० कामाचं नाही, १/२०० लागतो. तिथे प्राइमला पर्याय नाही.

प्रश्न म्हणून दोनच: तुम्हाला मागे सरकायला जागा आहे का, आणि समोरचं हलतंय का?

मागचं पुसट कशाने होतं

‘बॅकग्राउंड ब्लर हवाय म्हणून प्राइम’ हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. पण इथे नुसता एफ नंबर बघून फसायला होतं. चेहऱ्याचा आकार फ्रेममध्ये तेवढाच ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी किती पुसट होईल हे लेन्सच्या उघड्या छिद्राच्या व्यासावर ठरतं. व्यास काढायचा तर फोकल लेंथला एफ नंबराने भागा. ५० भागिले १.८, म्हणजे २८ एमएम. किट लेन्स ५५ ला: ५५ भागिले ५.६, जेमतेम १०. म्हणून किट लेन्सवर ब्लर मिळत नाही. आता डबल किटमध्ये आलेली, कपाटात पडलेली ५५-२५० काढा. २५० भागिले ५.६ म्हणजे ४५. पन्नासपेक्षा दीडपटीहून जास्त, ८५ एफ/१.८ च्या (४७) जवळपास!

मग पन्नास कशाला घ्यायची? कारण अंतर. खांद्यापर्यंतचा फोटो पन्नासने दीड मीटरवरून येतो, २५० ने जवळजवळ आठ मीटरवरून. शेतात, मैदानात, समुद्रावर आठ मीटर मिळतात आणि मागची झाडंही दूर असतात, तिथे २५० जिंकते. घरात मिळत नाहीत. दुसरं, वरचा नियम पार्श्वभूमी दूर असेल तरच लागू. माणसाच्या मागे एक मीटरवर भिंत असेल तर आठ मीटरवरच्या कॅमेऱ्याला माणूस आणि भिंत जवळजवळ सारख्याच अंतरावर. तिथे पन्नास एफ/१.८ दुपटीने पुसट करते. थोडक्यात, मागे भिंत तर पन्नास, मागे मोकळं रान तर २५०. ५५-२५० आधीच जवळ असेल तर ती घेऊन एका रविवारी संध्याकाळी बाहेर पडा. ब्लरसाठी नवी लेन्स घ्यायची गरज आहे का, ते फुकटात कळेल.

अंतरपाट

लग्नाचं काम करणारे २४-७० एफ/२.८ का सोडत नाहीत याचं उत्तर अंतरपाटापाशी आहे. मंगलाष्टकं चालू असताना फोटोग्राफरला बहुधा वधू-वरांच्या बाजूने, अंतरपाटाच्या रेषेत उभं राहावं लागतं. दोन्ही चेहरे आणि मधलं कापड एकाच फ्रेममध्ये तिथूनच येतात. मागे मामा उभे, शेजारी गुरुजी, पाठीमागे मोबाइल वर धरलेली पन्नास माणसं. मागे सरकायला जागा नाही आणि पुढे गेलं तर गुरुजी ओरडतात. शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते आणि काही सेकंदांत हार घातले जातात. अक्षता हवेत दिसायच्या तर २४-२८ ची रुंद फ्रेम हवी, हार घालतानाचे डोळे हवेत तर ७०. मध्ये लेन्स बदलायला वेळ नाही. इथे एकच प्राइम लावलेला माणूस दोनपैकी एक फोटो गमावतो. प्राइमवाले दोन बॉडी गळ्यात अडकवतात, एकीवर ३५, दुसरीवर ८५. जमतं, पण दोन बॉडींचा खर्च आणि मानेवरचं वजन मोजावं लागतं.

सेटिंगबद्दल दोन गोष्टी. अक्षतांचे दाणे थांबलेले दिसायला १/५०० च्या आसपास शटर लागतो, आणि स्टेजवर एलईडी असतील तर नेमक्या याच शटरला फोटोत काळे-पिवळे आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० ला पट्टे बहुतेक जातात, पण दाणे रेषा होतात. कॅमेऱ्यात ॲंटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर फ्लॅश मारा. आणि हातात एफ/१.८ आहे म्हणून जोडप्याचा फोटो एफ/१.८ ला काढू नका. कॅननच्या क्रॉप बॉडीवर पन्नासने तीन मीटरवरून एफ/१.८ ला साधारण २५ सेंटिमीटर खोलीच शार्प राहते. नवरदेव अर्धं पाऊल मागे असला की त्याचे डोळे मऊ पडले. एफ/४ ला ५५ सेंटिमीटर मिळतात. मग इथे एफ/१.८ चा उपयोग काय झाला? काहीच नाही. एफ/२.८-४ ला चालणारी झूम तेवढंच देते.

भंडारा, गुलाल आणि धूळ

जेजुरीला सोमवती अमावास्येला किंवा जोतिबाच्या चैत्री यात्रेला प्राइम की झूम हा वाद मिटलेला असतो. एकदा आत शिरलात की लेन्स बदलायची नाही. भंडारा पिठासारखा बारीक, आणि बॉडी उघडली की सेन्सरवर बसलाच. झूम लावा, माउंट घरूनच बंद करून न्या. मात्र फिरवल्यावर लांब होणारी झूम प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, हवेबरोबर भंडाराही. ज्यांची नळी बाहेर येत नाही अशा झूम (बहुतेक ७०-२०० एफ/२.८) यातून वाचतात. स्वस्त १८-५५ न्यायची असेल तर नळीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, पुढून फिल्टरच्या कडेला आणि मागून बॉडीला रबर लावा, मध्ये दोन-तीन इंच ढील ठेवा म्हणजे झूम फिरेल. यूव्ही फिल्टर इथे नक्की लावा. दिवाळीत आकाशकंदिलाच्या फोटोंना मात्र काढून ठेवा. दिव्याचं उलटं हिरवट भूत फोटोत दिसतं ते त्या काचेमुळे.

परतल्यावर आधी पुसायचं नाही. आधी ब्लोअर, लेन्स खाली तोंड करून. मग मऊ ब्रश. मग कापड. कोरडी पूड थेट कापडाने पुसली की कोटिंगवर बारीक ओरखडे पडतात, आणि ओल्या कापडाने हळद आणखी पसरते.

ताडोबातले वाघ आणि भिगवणचे पक्षी यांबद्दल लांबण लावत नाही. जिप्सीतून उतरता येत नाही, बोटीतून पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे पाय बांधलेले. १५०-६०० किंवा २००-५०० झूम घ्या. ६०० एफ/४ प्राइम लाखांच्या पुढची गोष्ट आहे, आणि वाघ जिप्सीला घासून गेला तर तिच्यात त्याचं नाकच मावेल.

एफ/१.८ वर फोकस का चुकतो

प्राइम घेतल्यावर पहिल्या आठवड्यात येणारी तक्रार ठरलेली: ‘माझी लेन्स शार्प नाही.’ पन्नास एफ/१.८, दीड मीटर, क्रॉप बॉडी: शार्प खोली सहा सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत याहून जास्त होतं. फोकस लागल्यानंतर तुम्ही किंवा समोरचा माणूस दोन-तीन सेंटिमीटर डुलला, आणि उभा माणूस डुलतोच, की डोळ्याऐवजी भुवई किंवा गाल शार्प. उपाय असे. सगळे पॉइंट कॅमेऱ्यावर न सोडता एकच पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवा. मधल्या पॉइंटने फोकस करून मग फ्रेम फिरवू नका, फिरवताना अंतर बदलतं. सतत फोकस करणारा मोड ठेवा आणि तीन-चार फोटो सलग घ्या. मिररलेसमध्ये डोळा ओळखणारा फोकस असेल तर ही सगळी कटकट वाचते. आणि एफ/२.२-२.५ ला या. कडांची जांभळी झालर तिथे बरीच कमी होते, उजेड फारसा जात नाही.

डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) अजून एक शक्यता असते, बॉडी-लेन्सची जोडी सतत पुढे किंवा मागे फोकस करते. किट लेन्सवर हा दोष एफ/५.६ मध्ये झाकला जातो, एफ/१.८ वर उघडा पडतो. तपासायला पाच पेन्सिल सेल घ्या. टेबलावर तिरक्या ओळीत उभे करा, प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटर मागे. कॅमेरा तिपाईवर, दीड मीटरवर, एफ/१.८. मधल्या सेलवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून दहा फोटो काढा, प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून) तेच. लाइव्ह व्ह्यूत मधला सेल शार्प आणि व्ह्यूफाइंडरमध्ये कायम चौथा, तर मागे फोकस होतोय. कधी दुसरा, कधी चौथा असं होत असेल तर तो दोष जोडीचा नाही, तेवढी चूक या फोकस यंत्रणेत धरूनच चालायची. वरच्या श्रेणीच्या बॉडींत हे मेनूतून दुरुस्त करता येतं. १५००डी, डी३५००, डी५६०० यांत ती सोय नाही. वॉरंटीत बदलून घ्या किंवा पोर्ट्रेटपुरते लाइव्ह व्ह्यू वापरा.

शार्पनेसचा वाद मी इथेच उरकतो. १९५९ साली फोइग्टलेंडरची झूमार (३६-८२, एफ/२.८) ही ३५ एमएम एसएलआरसाठीची पहिली झूम आली. पुढे अनेक वर्षं झूम खरोखरच मऊ असायच्या, ‘प्राइम म्हणजे शार्प’ हे तेव्हाचं. आज तिपाईवर, एफ/८ ला काढलेल्या सह्याद्रीच्या फोटोत किट लेन्स आणि पन्नास यांतला फरक कडांना शंभर टक्के मोठं करून शोधावा लागतो. फरक आहे तो एफ/२.८ च्या अलीकडे, आणि तिथे किट लेन्स पोचतच नाही.

मग घ्यायचं काय

आधी स्वतःची फोकल लेंथ शोधा. लाइटरूम हे सॉफ्टवेअर असेल तर लायब्ररीतला मेटाडेटा फिल्टर लावा. नसेल तर विंडोजमध्ये फोटोंचं फोल्डर डिटेल्समध्ये उघडा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करा, मोअरमधून ‘फोकल लेंथ’ रकाना घ्या आणि त्यावर क्रम लावा. सगळे फोटो मोजू नका. जे तुम्ही एडिट केले किंवा कुणाला पाठवले तेवढेच. १८ आणि ५५ ला मोठे ढीग दिसतील, कारण रिंग तिथे अडते. ५५ चा ढीग सांगतो की आणखी लांब हवं होतं, तिथे उत्तर टेलिफोटो झूम. मधला ढीग २२ ते ३५ मध्ये असेल तर २४ किंवा ३५ ची प्राइम. मधे ढीगच नसेल, सगळं पसरलेलं असेल, तर तुम्ही झूमवाले आहात, त्यात कमीपणा काही नाही.

शंका असेल तर किट लेन्सची रिंग इलेक्ट्रिकच्या काळ्या टेपने चिकटवून आठ दिवस काढा. एकदा ३५ वर, एकदा ५० वर. रिंगेवरचे आकडे ढोबळ असतात, म्हणून एक फोटो काढून त्याच्या माहितीत नेमका आकडा बघा आणि मग चिकटवा. एफ/१.८ चा उजेड मिळणार नाही, पण चौकट सहन होते का ते कळेल.

निकॉनच्या डीएक्स डीएसएलआरवर ३५ एफ/१.८जी, २०० ग्रॅमची. यात गोंधळ करू नका: नावात ‘डी’ असलेल्या जुन्या लेन्स (५० एफ/१.८डी) स्वस्तात मिळतात, पण त्यांत मोटर नसते, आणि डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीतही नसते. फोकस हाताने करत बसावं लागतं. एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर वापरली तरी तेच. कॅननच्या डीएसएलआरवर घरगुती वापराला ईएफ-एस २४ एफ/२.८ एसटीएम, फक्त १२५ ग्रॅम, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, त्यामुळे ताटातल्या पदार्थांनाही चालते. पन्नास एसटीएम ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. मोदकाची कळी टिपायची तर किट लेन्स तिच्यापेक्षा जवळ जाते, हे घेतल्यावर कळलं की चिडचिड होते. फक्त मुलांचे चेहरे आणि पोर्ट्रेट काढायचे असतील, आणि खोली मोजून झाली असेल, तर पन्नास खुशाल घ्या.

आणि तिसरा रस्ता, ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं: कायम एफ/२.८ राहणारी क्रॉपची झूम. माझ्या मते एकच लेन्स ठेवायची असेल त्याने हीच घ्यावी. डीएसएलआरसाठी सिग्मा १७-५० एफ/२.८ ओएस, सेकंडहँड सहज मिळते. ५६५ ग्रॅम, फिल्टर ७७ चा. मिररलेसवर सिग्मा १८-५० एफ/२.८ अवघी २९० ग्रॅमची, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. बॉडीतही नसेल (सोनी ए६४००, कॅनन आर५०) तर वर अजिंठ्यासाठी सांगितलेला १/१० विसरा. सोनी-फुजीवर टॅमरॉन १७-७० एफ/२.८ मध्ये ते आहे, वजन मात्र जवळजवळ दुप्पट. एफ/२.८ म्हणजे किट लेन्सच्या लांब टोकापेक्षा चौपट उजेड, एफ/१.८ तिच्याहून अडीचपट पुढे. सिग्मा १८-३५ एफ/१.८ (२०१३) हा दोन्हींचा मिलाफ, पण ८१० ग्रॅम आणि १८ ते ३५ एवढाच पल्ला. ट्रेकला नेणारा मी पाहिलेला नाही.

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारा आणि पुढून तिरकं बघा. चार-दोन धूलिकण असले तर चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, दुधट थर म्हणजे हेझ, दोन्हींना नकार. झूम असेल तर तोंड खाली करून धरा, नळी आपोआप घसरते का बघा. रिंग १८ पासून ५५ पर्यंत थोडी थोडी फिरवत प्रत्येक ठिकाणी एफ/११ ला एक फोटो काढा. आतली वायरची पट्टी झूम करताना वाकते आणि वर्षांनी तुटते. ती तुटत आली असेल तर एखाद्याच जागी कॅमेरा एरर देतो आणि बाकी सगळीकडे चालतो. विकणारा तुम्हाला चालणाऱ्या जागेवरच दाखवणार. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून उघड्या ॲपर्चरला फोटो काढा. एकच कोपरा मऊ दिसला तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. मऊपणा पानाच्या त्याच मजकुरावर राहिला तर तुम्ही वाकडे उभे होता. समोरच्या विरुद्ध कोपऱ्यात गेला तर लेन्सची काच सरकलेली आहे.

घरी आणल्यावर, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये पावसाळाभर ठेवू नका. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० मध्ये हवा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून मूळ रंग आला की थंड करून परत भरा. तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरू नका. जेलऐवजी तांदूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याची भुकटी नळीत जाते आणि ओल त्याने फारशी शोषली जातही नाही.